बारदेशी मिठाच्या गोण्या

शके 1586, मार्गशीर्ष वद्य द्वितीया. आजच्या मोजणीत 25 नोव्हेंबर 1664. मालवणच्या किनाऱ्यावर तुम्ही उभे आहात आणि समोर सिंधुदुर्ग किल्ला नाही. नजर सवयीनं तटबंदी शोधते. तिथं फक्त कुरटे बेट आहे, खडकांची उघडी पाठ आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी. मोरयाच्या धोंड्यापाशी किल्ल्याच्या मुहूर्ताची पूजा आटोपत आली आहे. गर्दीत शिवाजी राजे नेमके कोणते, हे तुमच्या शेजारच्या गाबिताला तुमच्याआधी कळतं. तो बोट दाखवत नाही, नुसती मान हलवतो.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, म्हणून हा दिवस मोठा वाटतो. शेजारच्या गाबिताला वाटत नाही. गेल्या पावसाळ्यापर्यंत हा मुलूख विजापूरचा होता. आता कुडाळ राजांनी घेतलंय, वाडीचे सावंत नक्की कुणाचे ते सावंतांनाच ठाऊक. दक्षिणेला गोव्यात फिरंगी, वेंगुर्ल्यात वलंदेजांची वखार, राजापुरात इंग्रजांची लुटली गेलेली वखार, उत्तरेला जंजिऱ्याचा सिद्दी, घाटावर आदिलशाही आणि सगळ्यांच्या वर मोगल. या दाटीत नवं राज्य उभं राहतंय. अभिषेकाला अजून दहा वर्षं आहेत. शेजाऱ्यांच्या लेखी हा एक बंडखोर जहागीरदार आहे, आणि बंडखोराशी कुणी सहजी तह करत नाही.

मिटल्या डोळ्यांनी तीन महिने सरकवा. फेब्रुवारी 1665. बंदरात 85 गलबतं आणि 3 मोठी जहाजं सज्ज आहेत. राजे स्वतः बसरूरवर निघालेत. तुम्हाला कुणी चढू देत नाही; तुम्ही दोर ओढणाऱ्यांत आहात, तळहात सोलले आहेत. तांडेल सांगतो त्यातला महत्त्वाचा शब्द एकच: कार्ताज. या समुद्रात व्यापारी जहाज हाकायचं तर फिरंग्यांचा हा परवाना लागतो. नसेल तर त्यांनी जहाज धरलं, माल नेला, तरी कुणाकडे दाद मागायची? किल्ला बांधणं त्या मानानं सोपं. आपली मोहोर उमटवलेला कागद दुसऱ्याच्या बंदरात चालला पाहिजे, ही नव्या राज्याची खरी अडचण.

1667 चा नोव्हेंबर तुम्ही पाहावा असं मला वाटत नाही, पण वगळणं अप्रामाणिकपणा ठरेल. लखम सावंत, केशव नाईक ही कुडाळकडची देसाई मंडळी गोव्याच्या आश्रयाला जाऊन तिथून इकडे धाडी घालतात, म्हणून राजांची फौज फिरंग्यांच्या बारदेशात उतरते. माणसं मरतात. बायका-मुलं धरून आणली जातात. तुम्ही वाटेवर उभे असता आणि तुमच्यासमोरून ती ओळ जाते. डिसेंबरात तह होतो, कैदी सोडले जातात, देसायांना आवर घालायचं फिरंगी कबूल करतात. 1670 च्या फेब्रुवारीत आणखी एक तह. बखरीच्या भाषेत हे सगळं झटकन आटोपतं. वाटेवर उभं राहिलं की तितकं झटकन आटोपत नाही.

आता जरा बसा, कारण खरी गोष्ट इथं आहे. 1671 चा डिसेंबर, कुडाळ परगण्यातली एक जकातचौकी. तुम्ही बैलांच्या तांड्याबरोबर आहात. घाटावरून धान्य घेऊन उतरायचं आणि परतताना मीठ भरायचं, हा तांड्याचा नेम. गोण्यांत बारदेशच्या मिठागरांतलं मीठ आहे, किंचित ओलसर, गोणीच्या शिवणीतून झिरपून बैलाच्या पाठीवर पांढरे ओघळ उठलेले. सकाळची पेज पोटात आहे, सोबतीला सुक्या बांगड्याचा तुकडा होता, तोही संपला.

‘ह्या मीठ खंयचा?’ चौकीवरचा शिपाई विचारतो. (तेव्हाची बोली नेमकी अशीच नसणार, पण तुम्हाला कळायला हवं ना.)

‘बारदेसचा.’

तो कारकुनाकडे बघतो. कारकून दौतीत बोरू बुडवतो आणि जकातीचा जो आकडा सांगतो, तो ऐकून तांड्याचा नाईक खाली बसतो. दर वाढलाय. कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना महाराजांचं पत्र आलंय. मतलब साधा: बारदेशचं मीठ स्वस्त पडतं, म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि संगमेश्वराकडचं मीठ पडून राहतं. तेव्हा बारदेशच्या मिठावर जकात इतकी बसवा की घाटावर पोचेपर्यंत ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल. मग व्यापारी आपोआप आपल्या बंदराकडे वळतील.

नाईक पुटपुटतो, ‘घाटार न्हेवन परवडाचा नाय.’

तुम्ही मध्ये पडता. गोव्याशी तर तह झालाय, मग ही जकात कशी? कारकून तुमच्याकडे अशा नजरेनं पाहतो की आपण कुठल्या गावचे, असा प्रश्न आपल्यालाच पडावा. तहाचा आणि मिठाचा काय संबंध? तहानं तांडा या वाटेनं सुखरूप आला. लुटला गेला नाही ना? मग जकात भरा.

मला हा कारकून आवडतो. शेजाऱ्याशी मैत्री म्हणजे दारं सताड उघडी टाकणं, असं समजणाऱ्यांना त्याच्यापुढे उभं करावं. वाट मोकळी ठेवायची आणि वाटेवरचा दर आपण ठरवायचा, या दोन्ही गोष्टी तो एकाच बोरूनं लिहितो. अर्थात नाईकाच्या बाजूनं पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. घाटावरच्या घरात यंदा मीठ महाग होणार, आणि त्या बाईला कुणी विचारलेलं नाही.

1674 चा जून. पाऊस लागलाय, समुद्र बंद. रायगडावर अभिषेक झाला. तुम्ही मालवणातच आहात. समोर आता तट उभा आहे आणि लाटा त्यावर फुटून पांढरा फेस वर उडतो. कुठल्याशा फुटलेल्या जहाजाची फळी आणि एक गाठोडं वाळूवर लागलंय. तुम्ही वाकता तोच मागून दरडावणी येते: हात लावू नका, किनाऱ्याला लागलेलं सरकारचं.

याच सुमाराला गडावर इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन 20 कलमांचा मसुदा घेऊन बसला आहे. दुभाष्या नारायण शेणवी. राजापूरच्या लुटीची भरपाई, वखारी, अडीच टक्के जकात, बहुतेक सगळं मान्य होतं. अडतात ती दोन कलमं. आमचं नाणं तुमच्या राज्यात चालवा, असं इंग्रज म्हणतात. महाराजांचं उत्तर: कुठल्याच नाण्याला मनाई नाही, पण रयतेला तोट्यानं पैसा घ्यायला मी लावणार नाही, वजन आणि कस बरोबर असेल तर तुमचंही चालेल. दुसरं कलम तुमच्या पायाशी पडलेल्या गाठोड्याचं. फुटलेल्या जहाजांचा माल परत करा. त्याला नकार. कोकणचा रिवाज तसा नाही, आणि तुम्हाला दिलं तर फरासिस, वलंदेज सगळेच मागायला येतील. दहा वर्षांपूर्वी ज्याला बंडखोर म्हणत होते, तो आज कलमावर कलम तपासतोय आणि समोरचा ते लिहून घेतोय.

1677 मध्ये बंदरावर बातमी येते ती भागानगरची. महाराज गोवळकोंड्याच्या कुतुबशाहाच्या भेटीला गेले. वजीर मादण्णा पंडितांनी जुळवून आणलं. पैसा आणि तोफखाना कुतुबशाहाचा, फौज मराठ्यांची, मोहीम कर्नाटकची. तिथूनच विजापूरचे सरदार मालोजी घोरपडे यांना पत्र गेलंय की दक्षिणेची पातशाही दक्षिणेतल्यांच्याच हाती राहिली पाहिजे. हे मालोजी ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातला बाजी 1664 मध्ये राजांच्या हातून पडला होता. जुना हिशेब बाजूला ठेवून लिहिलेलं ते पत्र आहे. पण भाबडेपणा इथंही नको: या मोहिमेत जिंजीचा किल्ला जिंकल्यावर महाराजांनी कुतुबशाहाला किल्ले दिले नाहीत, आणि तो नाराज झाला. भागीदारीत वाटणीचं कलम नेहमीच दुखतं.

दोन वर्षांनी, 1679 च्या अखेरीस, आणखी नवल. मोगल सरदार दिलेरखान विजापूरला वेढा घालून बसलाय आणि महाराज विजापूरच्या मदतीला मोगली मुलखात घुसून जालना लुटतायत. मोरयाच्या धोंड्यापाशी तुमच्या शेजारी उभा असलेला तो गाबित आता म्हातारा झालाय. हा सगळा मुलूख ज्यांच्याकडून घेतला, त्यांच्यासाठी लढायचं हे त्याला पटत नाही. ‘इजापुराक आता आमी वाचवूचा?’

त्याला समजावू नका. 1686 मध्ये विजापूर पडेल, 1687 मध्ये गोवळकोंडा. दक्षिण दक्षिणेच्या हाती राहणार नाही. मात्र कुतुबशाहाच्या पैशावर निघालेल्या मोहिमेत मिळालेली ती जिंजी उरेल. 1689 मध्ये राजाराम महाराज तिकडे निसटतील आणि पुढची काही वर्षं राज्याचा कारभार तिथून चालेल. सिंधुदुर्गातलं शिवराजेश्वराचं देऊळ त्यांनी 1695 मध्ये बांधवलं असं मानतात. मालवणच्या पाण्यात वडिलांचं देऊळ उभं राहत होतं, तेव्हा मुलगा जिंजीच्या गडावर मोगलांच्या वेढ्यात होता.