आखाडाचा रस्सा आणि घरचें आरोग्य



आषाढ सरत आला, कीं जळगांव-धुळ्याकडील मांसाहारी घरांत काळ्या मसाल्याचा घमघमाट सुटतो. पुढें श्रावण लागला, कीं यांतील पुष्कळ घरीं मांस वर्ज्य. म्हणून आखाडांत एकदां तरी मटणाचा बेत व्हावयाचाच. या बेताची हकीकत मी आज थोडक्यांत सांगणार आहें.

रश्श्यासोबत येणारी भाकरी जुनी आहे. अकबरानें १६०१ सालीं अशीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. त्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’त अबुल फज्लानें या प्रांतांत ज्वारी हेंच मुख्य पीक असल्याचें नमूद केलें आहे. परंतु रश्श्याचा लाल झणका तितका प्राचीन नव्हे. मिरची मूळची अमेरिकेंतली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकांत आपल्या किनाऱ्यास लागली. तत्पूर्वीं तिखटपणा मिरीचा व पिंपळीचा. खोबरेंहि खानदेशच्या मातींतलें नव्हे. तें समुद्रकांठाहून घाट चढून आलें. तात्पर्य, ज्यास आपण वाडवडिलांचा रस्सा म्हणतों, तो अनेक मुलखांच्या जिनसांनीं सिद्ध झालेला आहे. वाडवडिलांनीं बदल केले, तसे आपणांसहि करितां येतील.

आतां पूर्वीचें जेवण पाहूं. बोकड कापून त्याचे वाटे पडत. कांदा-खोबरें निखाऱ्यावर काळसर भाजून पाट्यावर वाटीत आणि मोठ्या पातेल्यांत पाणी वाढवून रस्सा करीत. फोडी थोड्या, रस्सा फार, आणि त्यांत कुस्करावयास ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. दुसरे दिवशीं निंदणी-कोळपणी असेच. खाल्लेलें अंगीं लागे आणि जिरेहि. शिवाय असे बेत वर्षांतून मोजकेच.

चरकसंहितेंत बोकडाचें मांस फार जड नसलेलें व शरीरास पुष्टि देणारें म्हटलें आहे. आजचें शास्त्रहि त्यांतील प्रथिनें, लोह व ब-१२ जीवनसत्त्व मान्य करतें. मात्र आतां कित्येक घरीं मटण दर रविवारीं शिजतें, खाणारा दिवसभर खुर्चीवर बसतो, आणि रश्श्यावर तेलाचा जाड तवंग असल्यावांचून त्यास चव येत नाहीं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या, २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत देशांतील मधुमेही १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज आहे. हा दोष एकट्या मटणाचा खचित नव्हे. तो सुटलेल्या श्रमाचा व सुटलेल्या प्रमाणाचा आहे.

याच बेताची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. अनेक घरांत पंगत पुरुषांची आधीं. चुलीपाशीं धूर सोसलेल्या बायकांच्या वाट्यास शेवटीं रस्सा उरे, फोडी नव्हेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ५४ जणींत रक्त कमी आढळलें. ज्या फोडींत लोह आहे, त्या जिला हव्या तिलाच पुरेशा मिळाल्या नाहींत!

तेव्हां आखाड अवश्य करावा. तवंग काढून टाकावा, मीठ बेतानें घालावें, भाकरी कळण्याचीच असावी. आणि पहिला वाटा रांधणारीच्या ताटांत पडावा. जेथें मांस शिजत नाहीं, तेथें पालेभाजी, उसळ व दूध यांच्या बाबतींतहि पंगतीचा हाच न्याय असूं द्यावा.