उन्हाळी सायकल उपक्रम : हुबळी-धारवाडकरांसाठी माहिती आणि मार्गदर्शन



उन्हाळ्याच्या सुटीत मंडळातर्फे सायकलफेरी काढावी, अशी सूचना अनेकदा येते. सूचना येते तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हुबळी ते धारवाड अशी मोठी फेरी असते. टोप्या, झेंडे, फोटो असा सगळा थाट मनात असतो. पण अशा फेरीला घरातले कोण जाऊ शकते, याची यादी करून पाहावी. कॉलेजातली मुले आणि नियमित व्यायाम करणारे दोघे-चौघे एवढेच उरतात. सात वर्षांची नात, गुडघेदुखी असलेले आजोबा, कधी सायकलवर न बसलेल्या काकू आणि दृष्टी अधू असलेला पुतण्या हे सगळे कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात. उपक्रम सर्वांसाठी हवा असेल, तर त्याची आखणी सर्वात हळू चालवणाऱ्यापासून सुरू करावी लागते. ही आखणी कशी करावी, याची माहिती या लेखात एकत्र दिली आहे.

ऋतू आणि वेळ

कर्नाटकातील शाळांची सुटी साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत असते. महाराष्ट्रातील शाळा मात्र जूनच्या मध्यावर उघडतात. त्यामुळे इथली मुले आणि पुण्या-मुंबईहून आजोळी आलेली मुले अशी दोन्हीकडची मंडळी एकत्र मिळतात ती मे महिन्यात. मे महिन्याचे चार रविवार हाच आपल्या उपक्रमाचा मुख्य काळ धरावा.

या दिवसांत आपल्याकडे सकाळी सहाच्या सुमारास उजाडते. सव्वासहाला निघून आठच्या आत सर्वांनी परत आलेले असावे. नऊनंतरचे ऊन लहान मुलांना आणि साठीपुढच्यांना सोसत नाही. संध्याकाळची वेळ ठेवू नये, कारण एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळीव येतो. विजा, वारा आणि पडणाऱ्या फांद्या यांत मुलांना घेऊन अडकणे धोक्याचे आहे.

३ जून हा जागतिक सायकल दिन आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एप्रिल २०१८ मध्ये तसा ठराव केला. समारोपाच्या छोट्या कार्यक्रमासाठी हा दिवस सोयीचा आहे.

गट वयाने नव्हे, सवयीने

नावनोंदणी करताना वयाबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा : "गेल्या वर्षभरात किती वेळा सायकल चालवली?" उत्तरांवरून चार गट पडतात.

पहिला गट शिकणाऱ्यांचा. यात पाच वर्षांचे मूल आणि पंचावन्न वर्षांच्या गृहिणी दोघेही येऊ शकतात. जागा बंद मैदानाची, रस्ता अजिबात नाही.

दुसरा गट तीन ते पाच किलोमीटरचा. सायकल येते, पण सवय राहिलेली नाही, अशांसाठी. बहुतेक ज्येष्ठ आणि आठ ते बारा वर्षांची मुले यात येतील.

तिसरा गट दहा ते पंधरा किलोमीटरचा, आठवड्यातून दोन-तीनदा सायकल चालवणाऱ्यांसाठी.

चौथा गट वीस किलोमीटर आणि त्यापुढचा. हा गट लहानच राहील आणि तो लहान राहण्यात काही कमीपणा नाही. ज्यांना आणखी लांब पल्ला हवा, त्यांच्यासाठी आपल्याच शहरात हुबळी बायसिकल क्लब आहे. ब्रेव्हे नावाच्या लांब फेऱ्यांमध्ये २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, तर ३०० किलोमीटरसाठी वीस तासांची मुदत असते. ते वेगळे शास्त्र आहे. मंडळाच्या फेरीत त्याची नक्कल करू नये.

सर्व गटांची निघण्याची आणि परतण्याची जागा एकच असावी. पाच किलोमीटरवाले आणि वीस किलोमीटरवाले एकाच वेळी नाश्त्याला बसले, की कुटुंब एकत्र आल्यासारखे वाटते. लांब जाणाऱ्यांनी त्यासाठी अर्धा तास आधी निघावे.

आपल्या भागातील मार्ग

धारवाडात कर्नाटक विद्यापीठाचा पावटेनगर परिसर आणि कृषी विद्यापीठाचा परिसर या दोन्ही ठिकाणी झाडीचे रस्ते असून सकाळी वाहने कमी असतात. दुसऱ्या गटासाठी या जागा उत्तम आहेत. मात्र मंडळाच्या नावाने आधी लेखी परवानगी घ्यावी. साधनकेरी ते केलगेरी तलाव हाही छोटा मार्ग आहे. साधनकेरीला दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचे घर होते. कन्नडचे हे थोर कवी मराठीतही लिहीत, हे मुलांना तिथे उभे राहून सांगता येईल. केलगेरीच्या बाजूला हापूसच्या बागा आहेत, त्यामुळे मे महिन्यात त्या फेरीला मुलांना वेगळे आमिष दाखवावे लागत नाही. तिसऱ्या गटाला नुग्गीकेरीच्या मारुतीपर्यंत जाता येईल, पण शनिवारी तिथे दर्शनाची गर्दी असते, म्हणून रविवार बरा.

हुबळीत तोळनकेरे आणि उणकल तलाव या दोन जागा लहान फेरीसाठी सोयीच्या आहेत. उणकल नाल्याच्या कडेने स्मार्ट सिटी योजनेतून पायी चालण्यासाठी आणि सायकलींसाठी मार्ग करण्याचे काम हाती घेण्यात आले. जो भाग वापरात असेल तो आधी स्वतः चालून पाहावा आणि मगच मुलांना न्यावे. नृपतुंग टेकडीचा चढ नवख्यांना दमवतो आणि उतार त्याहून धोक्याचा असतो. त्या रस्त्यावर पहिल्या दोन गटांना नेऊ नये.

चौथ्या गटासाठी हुबळी ते कुंदगोळ हा मार्ग सुचवावासा वाटतो. अंतर एका बाजूने वीस किलोमीटरच्या आसपास आहे. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर यांचे हे गाव. भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल दोघेही त्यांचे शिष्य. तिथला नाडगीर वाडा संगीतप्रेमींना परिचित आहे. गाणे आणि सायकल यांची अशी सांगड धारवाड जिल्ह्यातच जमते.

दोन रस्ते मात्र वर्ज्य समजावेत. पहिला, गब्बूर ते नरेंद्र हा बायपास. अवजड वाहनांचा हा रस्ता कौटुंबिक फेरीसाठी नाही. दुसरा, चिगरी बसचा राखीव मार्ग. सकाळी तो मोकळा दिसतो आणि मोह होतो, पण तो फक्त बससाठी आहे आणि बस वेगात येते.

उशिरा शिकणाऱ्यांसाठी

आपल्या पिढीतील बऱ्याच महिलांनी सायकल शिकलीच नाही. भावाला सायकल मिळाली आणि बहिणीला मिळाली नाही, हे अनेक घरांत झाले. पुढे कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्याची योजना आणली, तेव्हा खेड्यापाड्यांतील हजारो मुली सायकलवरून शाळेत जाऊ लागल्या. त्यांच्या आजीच्या वयाच्या बायकांना मात्र ती संधी मिळाली नव्हती. उन्हाळी उपक्रमातून एखाद्या काकू सायकल शिकल्या, तर तेवढ्याने उपक्रमाचा खर्च वसूल झाला असे मी मानतो.

शिकवण्याची पद्धत सोपी आहे. सीट इतकी खाली घ्यावी की दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतील. शक्य असल्यास दोन्ही पॅडल काढून ठेवावीत. मग पायांनी ढकलत चालावे, हळूहळू पाय उचलून तोल सांभाळावा, वळण घ्यावे, ब्रेक दाबून थांबावे. तोल आला की पॅडल परत लावावीत. मागून कॅरिअर धरून पळण्याची जुनी पद्धत टाळावी. त्यात शिकणाऱ्याला तोल कळत नाही आणि पळणाऱ्याची कंबर धरते. लहान मुलांनाही हीच रीत लागू पडते.

शिकणाऱ्यांची वेळ इतरांच्या आधी ठेवावी आणि तिथे बघ्यांना व कॅमेऱ्यांना मज्जाव करावा. पन्नाशीत पडण्यापेक्षा पडताना कोणी पाहील याची भीती जास्त असते. साडीऐवजी पंजाबी ड्रेस किंवा पँट बरी. ओढणी नीट बांधलेली हवी आणि सायकलला चेनकव्हर हवेच. ओढणी चाकात अडकून गंभीर अपघात होतात.

दिव्यांग सभासदांसाठी

दिव्यांगांच्या सायकल शर्यतींमध्ये चार प्रकार मानले जातात. कृत्रिम अवयव लावून किंवा तसेच साधी सायकल चालवणारे, तोल सांभाळणे कठीण जाणाऱ्यांसाठी तिचाकी, पायांत बळ नसलेल्यांसाठी हाताने पॅडल मारायची सायकल आणि दृष्टिहीनांसाठी जोडसायकल. जोडसायकलवर पुढे डोळस व्यक्ती बसते आणि मागे दृष्टिहीन सोबती. पॅडल दोघेही मारतात.

या चार प्रकारांवरून आपल्याला हे कळते की, अडचण कोणती आहे ते पाहून सायकल निवडली तर बहुतेकांना सामील होता येते. एक जोडसायकल आणि एक तिचाकी भाड्याने किंवा देणगीतून मिळाली, तरी सुरुवात होईल. जोडसायकलवर पुढे बसणाऱ्याने खड्डा, वळण आणि थांबा आधी तोंडाने सांगायचा असतो. ऐकू न येणाऱ्यांसाठी शिट्टीऐवजी रंगीत झेंडी वापरावी. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांबरोबर रोजच्या ओळखीची व्यक्ती असावी. कोणाला काय हवे, हे ज्याचे त्याला विचारावे, परस्पर ठरवू नये.

सायकल आणि हेल्मेट

मुलांची सायकल उंचीप्रमाणे घ्यावी. साधारणपणे चार ते सहा वर्षांसाठी १६ इंची चाक, सहा ते नऊसाठी २० इंची, नऊ ते बारासाठी २४ इंची आणि पुढे मोठी सायकल. "दोन वर्षांनी पुरेल" म्हणून मोठी सायकल घेऊ नये, पाय टेकत नाहीत आणि मूल घाबरते.

मोठ्यांनी सीटची उंची अशी ठेवावी की पॅडल खाली असताना त्यावर टाच टेकली तर पाय सरळ व्हावा. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात आणि दोष सायकलला दिला जातो. निघण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : चाकांतील हवा, दोन्ही ब्रेक आणि चेन. वर्षभर माळ्यावर असलेली सायकल आठवडाभर आधी दुकानात दाखवून आणावी.

हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसले पाहिजे. पट्टा हनुवटीखाली असा असावा की एखादे बोट आत जाईल. मागे सरकवून घातलेले हेल्मेट उपयोगाचे नाही.

ऊन, पाणी आणि औषधे

प्रत्येकाकडे पाण्याची बाटली असावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी घोटभर पाणी प्यावे. परतल्यावर ताक, पन्हे किंवा लिंबू सरबत ठेवावे. ओआरएसची पाकिटे पेटीत असावीत. चक्कर, डोकेदुखी, मळमळ जाणवली की तिथेच सावलीत थांबावे. बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा अंग खूप तापले, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी मारत १०८ ला फोन करावा.

मधुमेह असलेल्यांनी रिकाम्या पोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच नाव द्यावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. एका रविवारच्या फेरीने ते भरत नाही, पण सवयीची सुरुवात होते.

माणसे आणि हिशेब

प्रत्येक गटाला एक पुढचा आणि एक मागचा स्वयंसेवक हवा. मागच्याच्या मागे कोणीही राहता कामा नये आणि पुढच्याने वेग मागच्याला विचारून ठरवावा. रस्त्यावर डाव्या बाजूने, एकामागे एक चालावे. कानात इअरफोन नको.

बँकेत दिवस संपताना रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. इथेही तोच नियम ठेवावा. निघताना नावांची जितकी नोंद, तितकीच परतल्यावर. एक जरी नाव राहिले, तरी नाश्ता सुरू करू नये. नोंदवहीत प्रत्येकाचा रक्तगट, घरचा फोन आणि औषधे लिहून घ्यावीत. मुलांसाठी पालकांची सही आवश्यक आहे.

खर्चाच्या बाबी थोड्या आहेत : भाड्याच्या सायकली, पंक्चरचे सामान आणि पंप, प्रथमोपचार पेटी, पाणी व नाश्ता. टी-शर्ट आणि बक्षिसांवरचा खर्च त्यातून वगळून तो जोडसायकलकडे वळवावा. शर्यत तर ठेवूच नये. शर्यत म्हटली की मागे राहणारा पुढच्या रविवारी येत नाही.

इतरत्र काय चालते

कोलंबियातील बोगोटा शहरात १९७४ पासून दर रविवारी मुख्य रस्ते मोटारींना बंद करून सायकलींना मोकळे केले जातात. बेंगळुरूत २०१३ पासून राज्य सरकारच्या नगर भूवाहतूक संचालनालयाच्या पुढाकाराने वस्त्यावस्त्यांत 'सायकल डे' भरवले गेले. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही खडतर शर्यत पूर्ण केली, आणि त्याच नाशिकचे सायकलप्रेमी आषाढीपूर्वी पंढरपूरची सायकलवारीही करतात. शहरात सायकलीचे वातावरण असेल, तर विक्रम करणारे आणि साधे वारकरी दोघेही त्यातून निघतात.

आपल्याला एवढे मोठे काही करायचे नाही. मे महिन्याचे चार रविवार, एक मैदान, दोन छोटे मार्ग आणि आठ-दहा जबाबदार स्वयंसेवक एवढी शिदोरी पुरेशी आहे. पहिल्या रविवारी किती जण आले यापेक्षा चौथ्या रविवारी किती जण टिकले, हे पाहावे. त्यांत पहिल्या गटातील किती जण आहेत, तेही मोजावे. पुढील वर्षीची आखणी त्याच आकड्यावरून करता येईल.