दिपोटी आले, दिपोटी गेले

'दिपोटी' हा शब्द आता मराठीतून जवळजवळ उठून गेला आहे. पण घरातल्या आजोबांपुढे तो एकदा उच्चारून पाहा. त्यांच्या चेहऱ्यावर अजून त्याची सावली उमटेल. डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर एवढे लांबलचक नाव खेड्यातल्या जिभेला कसे पेलावे? लोकांनी त्याचे दिपोटी करून टाकले. दिपोटी येणार म्हटले की शाळा शेणाने सारवली जाई, दाराला आंब्याचा डहाळा लागे, मुलांची डोकी तेलाने चपचपीत होत आणि मास्तरांचा घसा कोरडा पडे. दिपोटी येत, दोन कविता म्हणवून घेत, चार हिशेब घालत, शेरेबुकात शेरा लिहीत आणि निघून जात. शाळा पुन्हा होती तशी.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, म्हणून माझ्याकडून वाचक कथेचीच अपेक्षा करणार. पण गेली काही वर्षे मला एका प्रश्नाने धरले आहे. जवळजवळ दोनशे वर्षे आपण मास्तरांकडे वरून माणसे पाठवीत आलो. ती माणसे मास्तरला काय मागत होती, आणि काय देऊन जात होती? मुलाला लिहिता-वाचता येणे न येणे बरेचसे याच देण्या-घेण्यावर ठरले, असे मला वाटते. दिवाळीच्या दिवसांत घरची मंडळी एकत्र बसलेली असताना ही हकीकत सांगायला हरकत नसावी, कारण शाळेतून गेलेला नाही असा माणूस आता घरात विरळाच.

इंग्रजी अंमलापूर्वीची आपली शाळा म्हणजे पंतोजींची. कोणाच्या ओसरीवर नाहीतर देवळात ती भरे. धुळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवायची, मोडीचे वळण घोटायचे, आणि संध्याकाळी सुरात उजळणी म्हणायची: पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. पंतोजींना कोणी शिधा देई, कोणी सणावारी चार पैसे. त्यांच्याकडे छापील पुस्तक नव्हते आणि कसे शिकवावे हे सांगणारेही कोणी नव्हते. ते स्वतः जसे शिकले तसेच शिकवीत. त्यांची थट्टा पुष्कळ झाली आहे. पण एवढ्या सामग्रीवर त्यांनी बाजारहाटाचे हिशेब पिढ्यान् पिढ्या चालते ठेवले, हे विसरून चालणार नाही.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांनी शिक्षणाविषयी जे टिपण लिहिले, त्यात कामांची यादी आहे. आणि त्या यादीत अगदी आरंभी आहे ते एतद्देशीय शाळांतील शिकवण्याची रीत सुधारण्याचे काम. त्याच सुमारास मुंबईत शाळा आणि शाळापुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली होती. तिच्या समितीने १८२४ च्या सुमारास देशी शाळांची पाहणी करून चार उणिवा सांगितल्या: पुस्तके नाहीत, शिकवण्याची सोपी पद्धत नाही, तयार शिक्षक नाहीत आणि पैसा नाही. वाचकहो, या चार ओळी आजच्या एखाद्या अहवालात घातल्या तर तारीख पाहिल्याशिवाय जुन्या म्हणून ओळखू येतील काय?

त्या मंडळींचा मोठेपणा असा की, उणिवा मोजून ते थांबले नाहीत. कॅप्टन जॉर्ज जार्विस यांच्या देखरेखीखाली शिक्षक तयार करण्यात आले आणि १८२६ मध्ये असे २४ शिक्षक निरनिराळ्या गावी शाळा चालवायला रवाना झाले. सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे आपले बापू छत्रे, यांनी मुलांच्या हाती देण्याजोगी पुस्तके मराठीत आणली. 'बाळमित्र' आणि 'इसापनीती' ही १८२८ सालची. मास्तरकडे मागणी करण्याआधी त्याच्या हाती पद्धत द्यावी, पुस्तक द्यावे, हा क्रम तेव्हा लोकांना कळला होता.

पुढे बाळशास्त्री जांभेकरांचे उदाहरण तर मला फारच बोलके वाटते. 'दर्पण'कार म्हणून सर्वजण त्यांना ओळखतात. पण हेच बाळशास्त्री सरकारी शाळांचे तपासनीस होते, आणि १८४५ मध्ये शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला तेव्हा तोही त्यांच्याकडेच सोपवण्यात आला. जो शाळा तपासतो तोच मास्तरला शिकवतो! कोकणातल्या एखाद्या शाळेत मुले कोठे अडतात हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढच्या मास्तरला त्या अडचणीसाठी तयार करतो. दुर्दैवाने १८४६ मध्ये, तरुण वयातच, बाळशास्त्री गेले. पुढे तपासणे आणि शिकवणे ही दोन कामे अशी वेगळी झाली की, जणू त्यांची कधी ओळखच नव्हती.

तिकडे विलायतेत १८६२ मध्ये एक नवा कायदा आला. शाळेला पैसा द्यायचा तो मुलांच्या परीक्षेच्या निकालावर. एका मुलामागे जास्तीत जास्त १२ शिलिंग. त्यांपैकी ४ हजेरीचे आणि ८ परीक्षेचे. मूल वाचनात नापास झाले की २ शिलिंग ८ पेनी कापले, लेखनात नापास की तेवढेच, गणितातही तेवढेच. हिशेब कसा चोख! मॅथ्यू आर्नल्ड हा मोठा कवी, पण पोटासाठी शाळा तपासनीसाची नोकरी करी. त्याने स्वतःच्याच खात्याच्या या रीतीविरुद्ध लिहिले. शिक्षण यांत्रिक होते आहे, वर्गातला जीव जातो आहे, अशी त्याची तक्रार. आपल्या मुंबई इलाख्यातही त्याच दशकात खाजगी शाळांच्या अनुदानाला ही निकालाची फूटपट्टी लागली. तिकडे १८९० नंतर ती रीत मोडीत निघाली. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभी. पण तिच्यातला विचार अजून मेलेला नाही. मूल मागे पडले की मास्तरला दंड करावा म्हणजे मूल पुढे जाईल, असे मानणारी माणसे अधूनमधून भेटतातच. विहिरीला पाणी कमी म्हणून रहाटाला चाबूक मारण्यातला हा प्रकार.

या सगळ्या काळात एका माणसाने फार सरळ बोलून ठेवले आहे. १८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे १९ ऑक्टोबर १८८२ चे जोतीराव फुल्यांचे निवेदन आहे. १८४८ पासून मुलींच्या शाळा काढण्यासाठी ज्या जोडप्याने शेणमाती झेलली, त्यातल्या एकाचे हे बोल. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी पुष्कळांना ठाऊक असते. मला भावतो तो त्यांनी मास्तरांविषयी केलेला विचार.

जोतीराव म्हणतात, शिक्षक प्रशिक्षित हवा आणि शक्यतो शेतकऱ्यांतलाच हवा. वेळ पडली तर नांगराचे रुमणे किंवा सुताराची वाकस हाती धरायला त्याला कमीपणा वाटू नये. त्याच्या प्रशिक्षणात शेती आणि आरोग्य यांचेही ज्ञान असावे. पगार १२ रुपयांहून कमी नसावा. मोठ्या गावी १५ किंवा २० असावा. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपाल सांभाळणे असे एखादे काम त्याच्याकडे दिले तर गावात त्याला पत येईल. पुष्कळ मुले पास करून दाखवणाऱ्याला पगाराखेरीज काही जास्त द्यावे, असेही ते म्हणतात. पण ते जास्तीचे, बक्षिसादाखल. पोटाला पुरेसे आधी, बक्षीस मागून. आणि तपासणी? वर्षाकाठी एकदा दिपोटी येऊन काही उपयोग नाही. तीन महिन्यांतून एकदा तरी शाळा पाहिली पाहिजे, मधूनमधून न कळवताही गेले पाहिजे. न कळवता गेल्यावर खरी शाळा दिसते, सारवलेली नव्हे.

हे सर्व तेव्हा मान्य झाले असते तर! प्राथमिक शाळा पुढे लोकल बोर्डांकडे आणि म्युनिसिपालट्यांकडे गेल्या. बोर्डांच्या तिजोऱ्या लहान, शाळा पुष्कळ. आणि वाडीवस्तीवरचा मास्तर एकटाच राहिला.

एकटेपणा हा शब्द मी जाणून वापरला. साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटलांना तो कळला होता. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. खेडोपाडी शाळा काढण्याची धडपड त्यांनी केलीच, पण त्याआधी, १९३५ मध्ये, साताऱ्यात शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज उभे केले. खेड्यातलीच पोरे तेथे मास्तर झाली आणि १९३८ पासून निघालेल्या व्हॉलंटरी शाळांसाठी माणसे मिळाली. विटांच्या आधी माणूस, हा कर्मवीरांचा क्रम.

मग आला कोठारी आयोग, १९६४ ते १९६६. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूरकडचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठामागचे कर्ते पुरुष. आयोगाने एक साधी गोष्ट सांगितली: शाळांचा एकटेपणा मोडा. जवळपासच्या दहाएक लहान शाळा एका मोठ्या प्राथमिक शाळेशी जोडाव्यात. अशा सगळ्यांनी मिळून माध्यमिक शाळेभोवती एक गोतावळा करावा. पुस्तके, प्रयोगाचे साहित्य एकमेकांना द्यावे. शिक्षकांनी एकत्र बसून आपापल्या अडचणी सोडवाव्यात. महाराष्ट्रात १९९४ मध्ये केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले, साधारण दहा शाळांमागे एक, ते याच विचाराचे लेकरू. आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाळा संकुलाची कल्पना पुन्हा आली आहे. चांगली कल्पना आपल्याकडे मरत नाही. ती कपाटात झोपते एवढेच.

या कल्पनेचे मोल मला एका वजाबाकीने शिकवले. मी वस्तीशाळेत निमशिक्षक म्हणून लागलो तेव्हाची गोष्ट. एक खोली, चार इयत्ता, मी एकटा. तिसरीतली एक मुलगी ५२ मधून २७ वजा केले की ३५ लिही. मोठ्या आकड्यातून लहान काढायचा, मग तो वर असो की खाली, असा तिचा कायदा. फळ्यावर तीन वेळा समजावून झाले होते. त्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी हजेरीपट चाळला, मुलीची पाटी पाहिली आणि 'गणितात सुधारणा हवी' असा शेरा लिहिला. शेरा खोटा नव्हता. पण सुधारणा कशी हवी, हे त्यात नव्हते.

मग महिन्याच्या बैठकीत मी ती पाटी शेजारच्या वाडीवरच्या एका वयस्क गुरुजींना दाखवली. पुढच्या शनिवारी ते सायकलवर आले. पिशवीत ज्वारीच्या चिपाडाच्या काड्या, दहा-दहाच्या जुड्या बांधलेल्या. मुलीपुढे पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवून म्हणाले, "बाय, यातल्या सत्तावीस मला दे." तिने दोन जुड्या दिल्या. सात सुट्या द्यायला गेली तर हाती दोनच. बराच वेळ ती नुसती पाहत राहिली. गुरुजी काही बोलले नाहीत, आणि मलाही त्यांनी बोलू दिले नाही. शेवटी तिने स्वतःच एका जुडीची दोरी सोडली. उरल्या दोन जुड्या आणि पाच काड्या. "पंचवीस!" ती एवढ्याने ओरडली की पहिलीची मुले दचकली.

गुरुजी आठ दिवसांनी पुन्हा आले. समजलेले टिकले की नाही ते पाहायला. हे दुसरे येणे मला पहिल्याहून मोठे वाटते. जार्विसच्या वर्गातून निघालेले २४ जण, तपासताना शिकवणारे बाळशास्त्री, तीन महिन्यांनी तरी या म्हणणारे जोतीराव आणि एकटेपणा मोडा म्हणणारे नाईक, या साऱ्यांचे म्हणणे त्या सायकलवरून माझ्या दारी आले होते.

तपासणी नको असे मी म्हणत नाही. पाहणारा डोळा हवाच. पाहिल्याशिवाय दुखणे कळत नाही. पण वैद्य नाडी पाहून नुसता 'ताप आहे' असे लिहून उठला तर घरातली माणसे त्याला पुन्हा बोलावतील काय?

सुट्टी संपेल, फराळाचे डबे रिकामे होतील, शाळा उघडतील. मुलाला सोडायला गेलात की गुरुजींना किंवा बाईंना मुलाचे गुण विचाराल, ते विचाराच. त्याबरोबर आणखी एक विचारा: या वर्षी तुमच्या वर्गात तुमच्या मदतीला कोण येऊन बसले होते? आणि ते पुन्हा केव्हा येणार आहेत?