निविदापेटीकडून संगणकाकडे

शाळेच्या बाकापासून रुग्णालयातील औषधापर्यंत आणि गावच्या रस्त्यापासून धरणाच्या दरवाजापर्यंत शेकडो वस्तू व कामे सरकार विकत घेत असते. कोणत्याही देशातील सर्वांत मोठा ग्राहक सरकारच असतो. विकसनशील देशांत या खरेदीला विशेष महत्त्व आहे, कारण तेथे निकृष्ट रस्त्याला किंवा न पोहोचलेल्या औषधाला पर्याय शोधण्याची ऐपत सामान्य नागरिकापाशी नसते. म्हणूनच ही खरेदी कागदावरून संगणकावर आणण्याचे प्रयत्न गेल्या अडीच दशकांत अनेक देशांनी केले. त्या प्रयत्नांतून नेमके काय साधले, हे भारत आणि बांगलादेशाच्या अनुभवावरून पाहता येते.

कागदी पद्धतीचे दुखणे

कागदी पद्धतीत ठेकेदाराला कोरा निविदा अर्ज कार्यालयातूनच विकत घ्यावा लागे. नंतर बयाणा रकमेसह मोहोरबंद लिफाफा ठरलेल्या वेळेपूर्वी निविदापेटीत टाकावा लागे. म्हणजे स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला दोनदा त्याच दारातून आत जावे लागे. गैरव्यवहाराचे मूळ येथेच होते. अर्ज कोणी नेले हे कळले की संगनमत सोपे होई. नको असलेल्या माणसाला ‘अर्ज संपले’ असे सांगता येई, आणि तरीही तो आलाच तर पेटीजवळ त्याला अडवणारी माणसे उभी असत. बांगलादेशात या प्रकाराला ‘टेंडरबाजी’ असा शब्दच रूढ झाला.

संगणकीय पद्धतीत जाहिरात, अर्ज, दर आणि निकाल हे सारे संकेतस्थळावर येते. ठेकेदार डिजिटल स्वाक्षरीने आपला दर कूटबद्ध करून सादर करतो. नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल किल्ल्यांखेरीज तो वेळेपूर्वी उघडू नये, अशी रचना असते. भारतात या स्वाक्षरीला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने वैधता दिली. आंध्र प्रदेशाने २००३ मध्ये ई-निविदांचा प्रारंभ केला. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली प्रणाली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी स्वीकारली. नेहमीच्या वस्तू व सेवांसाठी केंद्राने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस’ अर्थात ‘जेम’ सुरू केले आणि वसाहतकाळात मूळ असलेले पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद केले.

दर नव्हे, दर्जा

या बदलामुळे सरकारचा पैसा वाचेल, असा युक्तिवाद सर्वत्र केला गेला. प्रत्यक्षात आढळले ते थोडे वेगळे आहे. सीन लुईस-फॉपेल, युसुफ नेगर्स, बेंजामिन ओल्कन आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी भारतातील प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या आणि इंडोनेशियातील सार्वजनिक बांधकामांच्या ई-निविदांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. ई-निविदांमुळे सरकारने मोजलेली किंमत घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मात्र भारतात स्वतंत्र निरीक्षकांनी तपासलेल्या रस्त्यांचा दर्जा सुधारलेला दिसला, तर इंडोनेशियात काम रेंगाळण्याचे प्रमाण घटले. दोन्ही देशांत काम बाहेरच्या भागातील ठेकेदाराकडे जाण्याची शक्यता वाढली होती. अर्थात, दार अडवणारे दूर झाले तेव्हा अधिक चांगली कामे करणारे आत आले. तेव्हा केवळ ‘किती बचत झाली’ या एकाच मापाने या सुधारणेचे मोल ठरवणे अपुरे आहे.

संगणक बदलला, नियम तेच

बांगलादेशाने २००६ मध्ये सार्वजनिक खरेदीचा कायदा केला आणि जून २०११ मध्ये ‘ई-जीपी’ संकेतस्थळ सुरू केले. रस्ते, ग्रामीण अभियांत्रिकी, जलविकास आणि ग्रामीण विद्युतीकरण या चार यंत्रणांपासून आरंभ झाला. पेटी पळवण्याचे प्रकार त्यामुळे अशक्य झाले. पण २०१६ मधील एका दुरुस्तीने बांधकामांसाठी अंदाजपत्रकापेक्षा दहा टक्क्यांहून कमी वा अधिक दराची निविदा बाद ठरू लागली. परिणामी अनेकजण नेमका दहा टक्के कमी दर भरू लागले. सर्वांचा दर सारखाच, तर निवड पूर्वीच्या कामांच्या संख्येवर, आणि ती मोठ्या, जुन्या ठेकेदारांच्याच पथ्यावर पडणारी. ही मर्यादा २०२५ मध्ये काढून टाकण्यात आली. स्पर्धा खुली ठेवणे हे नियमांचे काम आहे. नियमच सदोष असेल, तर संगणक तो अधिक काटेकोरपणे राबवतो, इतकेच.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. मध्य प्रदेशात २०१८ मध्ये जल निगमाच्या काही ई-निविदांतील दर परस्पर बदलल्याचा संशय पुढे आला आणि २०१९ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. दोषी कोण, हा न्यायालयाचा विषय आहे. व्यवस्थेपुरता धडा मात्र स्पष्ट आहे. पूर्वी पेटीची किल्ली कोणाकडे, हे कार्यालयातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. आता संगणकप्रणालीचे सर्वाधिकार कोणाकडे, हे क्वचितच कोणाला ठाऊक असते. म्हणून प्रणाली चालवणारा, खरेदी करणारा आणि तपासणी करणारा हे तिघे परस्परांपासून वेगळे हवेत.

नोंदींचे मोल

कागदी पद्धतीत जे जवळपास अशक्य होते, ते मात्र आता शक्य झाले आहे. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या बांगलादेश शाखेने २०२३ मध्ये ई-जीपीवरील हजारो कंत्राटांची छाननी केली. अनेक कामांना एकच निविदा आल्याचे आणि कामे मोजक्या ठेकेदारांकडे एकवटल्याचे तीतून उघड झाले. संगणकाने संगनमत संपवले नाही, पण ते मोजता येईल असे केले.

आपल्या महापालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या ई-निविदांबाबतही नागरिकांनी हेच पाहावे. किती जणांनी निविदा भरली? पात्रतेच्या अटी एखाद्याच ठेकेदाराला लागू पडतील अशा आहेत का? मुदत किती दिवसांची होती? आणि काम दिल्यानंतर वाढीव खर्चाची मंजुरी कितीदा घेतली गेली? ही शेवटची माहिती निविदेच्या संकेतस्थळावर बहुधा सापडत नाही. तीही तेथे प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला, तरच हे संगणकीकरण निविदा उघडण्यापाशी न थांबता प्रत्यक्ष रस्त्यापर्यंत पोहोचेल.