कृष्णाकांठचें तांबडें द्राक्षमद्य

लोणंद म्हटलें कीं दोन गोष्टी आठवतात: कांद्याचा बाजार आणि नीरा ओलांडून येणारी ज्ञानोबांची पालखी. अशा गांवाचें नांव घेऊन द्राक्षमद्याविषयीं, म्हणजे ज्यास आज सर्रास ‘वाइन’ म्हणतात त्याविषयीं, लिहावें हें कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु ज्या पुणें-मिरज लोहमार्गावर लोणंद आहे, त्याच मार्गानें दक्षिणेस गेल्यास किर्लोस्करवाडी लागते; आणि तें स्थानक ज्या पलूस तालुक्यांत आहे, तेथेंच राज्य शासनानें २००१ सालच्या धोरणानुसार ‘कृष्णा वाइन पार्क’ योजिलें. त्याचें भावंड नाशिक जिल्ह्यांत विंचूर येथें. पुढें भौगोलिक मानांकन नाशिक खोऱ्याच्या वाइनला मिळालें. सांगलीस मिळालें तें बेदाण्यासाठीं. हा भेद कां पडला, तें पाहण्यासारखें आहे.

प्रदेशावरून मद्यास नांव देण्याची चाल आपल्याकडे नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटलें असून, उत्पत्तिस्थानावरून त्याचीं कापिशायन व हारहूरक अशीं नांवें दिलीं आहेत. कपिशा म्हणजे आजच्या अफगाणिस्तानांतला प्रदेश. महाराष्ट्रांत आधुनिक पद्धतीचा मोठा उद्योग उभा राहिला तो १९८० नंतरच्या दशकांत, नारायणगांवीं.

तासगांवच्या शेतकऱ्यानें मात्र द्राक्ष जोपासलें तें खाण्यासाठीं व वाळविण्यासाठीं. थॉम्पसन व तिच्यापासून निघालेली तास-ए-गणेश या जाती बिनबियांच्या आणि हिरवट-पांढऱ्या. तांबड्या मद्याचा रंग व तुरटपणा काळ्या द्राक्षांच्या सालींतून येतो. रस सालींसह आंबविल्यावांचून तो उतरत नाहीं. तेव्हां तांबडें मद्य हवें तर बागच बदलावी लागते. शिराझ किंवा काबर्ने यांचा मणी लहान, जाड सालीचा व बियांचा. बाजारांत त्यास खाणारा गिऱ्हाईक नाहीं. हिरव्या द्राक्षांचा भाव पडला तर तीं रॅकवर टाकून बेदाणा करतां येतो. मद्याच्या द्राक्षांस कारखान्यानें पाठ फिरविली कीं सारा हंगाम बुडतो. २००८-०९ च्या मंदींत राज्यांतील अनेक शेतकऱ्यांनीं अशा बागा उपटून टाकल्या. बेदाण्याला चिकटून राहणाऱ्यास भित्रा म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

दुसरें कारण ताटांत आहे. मद्य प्रदेशाचें होतें तें तेथील जेवणाशीं जमल्यावर. मद्यार्कानें मिरचीचा दाह वाढतो, म्हणून झणझणीत तांबड्या रश्शापुढें जड, तुरट मद्य टिकत नाहीं. तेथें हलकें, फळाच्या चवीचें व किंचित् थंड केलेलें मद्यच शोभतें. याउलट कांदा-खोबरें भाजून केलेल्या वाटणांतलें मटणाचें सुकें घ्यावें. मांसांतील स्निग्धांशानें व प्रथिनांनीं तुरटपणा निवतो. खरपूस कांद्याची गोडी शिराझशीं जुळते. शेंगदाण्याचें कूट घातलेलें भरलें वांगें व बाजरीची भाकरी यांसही तें परकें वाटूं नये. लोणंदचा कांदा व पलूसचें द्राक्ष यांची गांठ पडावी ती येथें.

मिरची व भुईमूग हीं दोन्हीं अमेरिका खंडांतून आलेलीं. आज त्यांवांचून आपला स्वयंपाक होत नाहीं. पाहुणा पदार्थ आपला होतो तो घरांतल्या चुलीपाशीं. शासनाच्या धोरणानें नव्हे. जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां उठलेला विरोध हेंच सांगतो. दारूनें उद्ध्वस्त झालेलीं घरें ज्यांनीं पाहिलीं, त्यांच्या भीतीस केवळ जुनाटपणा म्हणतां येत नाहीं. आणि गळ्यांत तुळशीची माळ घालून लोणंदावरून जाणाऱ्या वारकऱ्याचें ताट तर या प्रश्नाबाहेरचेंच आहे.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच: कृष्णाकांठीं तांबडें मद्य व्हावयाचें असेल तर आधीं शेतकऱ्याच्या द्राक्षाला भरंवशाचा दर हवा, आणि मग तें बाटलीवरच्या परदेशी डौलानें नव्हे, तर भाकरीशेजारीं मापांत बसून आपली लायकी सिद्ध करो. तोंवर या खोऱ्याची खरी ओळख बेदाणाच राहील, व त्यांत कमीपणा मानण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं.