स्टूडबेकर
अमेरिकेतील एक जुना वाहननिर्मिती उद्योग. हेन्री व क्लेमंट या स्टूडबेकर बंधूंनी १८५२ मध्ये इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे लोहारकामाचे दुकान काढले व यादवी युद्धात सैन्यास घोडागाड्या पुरवून जम बसविला. १९०२ मध्ये विजेवरील, तर १९०४ मध्ये पेट्रोलवरील मोटार त्यांनी आणली. घोडागाडीकडून मोटारीकडे यशस्वी रीत्या वळलेले असे कारखाने थोडेच. १९३३ च्या दिवाळखोरीतून कंपनी सावरली. युद्धोत्तर किंमतस्पर्धेत मात्र ती मागे पडली. १९५४ मधील पॅकार्डशी झालेले विलीनीकरण म्हणजे दोन दुर्बलांची जोडी होय. डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद पडला. कॅनडातील हॅमिल्टन येथील उत्पादन मार्च १९६६ पर्यंत चालले. निवृत्तिवेतन निधी अपुरा असल्याने साउथ बेंडच्या सुमारे ४,००० कामगारांना हक्काच्या रकमेपैकी जेमतेम १५ टक्के मिळाले, अनेकांना काहीच नाही. कामगारांच्या निवृत्तिवेतनास संरक्षण देणाऱ्या १९७४ च्या अमेरिकन कायद्याच्या चर्चेत याच प्रकरणाचा दाखला वारंवार दिला गेला.