दूरचा गुरुजी आणि गावचा मास्तर



शिक्षणाच्या विषयावर बोलावयास कामगार संघटक कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. शिक्षणशास्त्र सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि मी ते सांगणारही नाही. परंतु आमच्या ह्या कापसाच्या मुलखात जिनमध्ये नवे यंत्र आले की कामगार तीन गोष्टी विचारतो: ते चालवावयास शिकवणार कोण, शिकण्याचा वेळ कोणाच्या पदरचा, आणि बिघडले तर हात कोण लावणार? खेड्यातल्या शाळेतही यंत्रे आली. आधी रेडिओ, मग दूरचित्रवाणी, मग उपग्रह आणि आता मोबाइल. मास्तरांना ती वर्गात वापरता यावीत म्हणून दूर अंतरावरून शिकविण्याचेही बरेच प्रयत्न झाले. त्या प्रयत्नांचा इतिहास मी ह्या तीन प्रश्नांच्या उजेडात वाचतो.

मुळात मास्तर कसा असावा, हे महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात स्पष्ट मांडले होते. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, ते प्रशिक्षित असावेत, वेळ पडल्यास नांगर किंवा सुताराचा वाकस त्यांना धरता यावा. आणि पगार? बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावी पंधरा-वीस. शिक्षकाची लायकी आणि शिक्षकाचा पगार ह्या दोन गोष्टी जोतीरावांनी एकाच दमात सांगितल्या. पुढच्या पुष्कळ तज्ज्ञांना ते जमले नाही. लायकीवर ते अहवालच्या अहवाल लिहितात आणि पगाराशी आले की त्यांची शाई संपते.

आता यंत्राकडे येऊ. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. तो शेतकऱ्यांसाठी होता, शाळेसाठी नव्हे. तथापि आपल्या विषयाची किल्ली त्यात आहे. मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. कल्पना कॅनडातली. ठरलेल्या दिवशी गावातली वीसेक माणसे रेडिओभोवती जमावयाची, कार्यक्रम ऐकावयाचा आणि संपल्यावर त्यावर बोलावयाचे. चर्चेचा वृत्तांत आणि अडलेले प्रश्न पुण्याला जावयाचे, आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून यावयाची. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान चांगलेच वाढले होते. जेथे नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हते, तेथे वाढ अगदी थोडी. डबा दोन्हीकडे एकच होता. फरक पडला तो भोवती बसलेल्या माणसांमुळे आणि परत जाणाऱ्या प्रश्नांमुळे.

मास्तरांसाठी दूरचे शिक्षण आले ते प्रथम टपालाने. १९६६च्या सुमारास राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या प्रादेशिक महाविद्यालयांनी, आपल्या भागापुरते भोपाळच्या महाविद्यालयाने, नोकरीतल्या अप्रशिक्षित शिक्षकांसाठी बी.एड.चा अभ्यासक्रम चालविला. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्यक्ष वर्ग आणि एरवी टपालाने पाठ. पगार न बुडविता शिकण्याची ही सोय होती. मात्र सुट्टी मास्तराचीच खर्ची पडे.

मोठी उडी घेतली ती १९७५ साली. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी आपल्या देशाला मिळाला, आणि १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या काळात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत त्यावरून दूरचित्रवाणी पोहोचली. हाच तो ‘साइट’ प्रयोग. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. आमच्या सीमेपलीकडच्या विजापूर-गुलबर्ग्याच्या खेड्यांत आणि पूर्वेला दुर्गकडे संच लागले. मधले आपण कोरडे राहिलो.

ह्या प्रयोगाची आठवण निघाली की लोक कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीपासून केलेल्या ॲन्टेनाचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. ऑक्टोबर १९७५च्या सुट्टीत सुमारे २४,००० प्राथमिक शिक्षकांना एकाच वेळी विज्ञान कसे शिकवावे ह्याचे बारा दिवसांचे शिक्षण देण्यात आले. पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा झाले. पडद्यावर पाठ दिसे, रेडिओवरून त्याला पूरक कार्यक्रम होई, हाती छापील पुस्तिका असे, स्वतः प्रयोग करून पाहावे लागत, आणि प्रत्येक केंद्रावर शंका घेण्यासाठी एक जाणता माणूस बसलेला असे. संपूर्ण ‘साइट’मधला अत्यंत यशस्वी भाग म्हणून त्याकडे बोट दाखविले जाते. उपग्रह आकाशात होता, पण मास्तर मास्तरांच्या शेजारी बसले होते. वर्ष संपले, उपग्रह परत गेला. पुढे जमिनीवरची प्रक्षेपणकेंद्रे उभारून त्यांतली काही गावे सांभाळली गेली. बाकीच्यांचे पडदे काळे झाले.

१९८३ साली आपला इन्सॅट-१बी अवकाशात गेला, आणि शैक्षणिक दूरचित्रवाणीच्या सहा राज्यांत ह्या वेळी महाराष्ट्र आला. पुण्यात १९८४च्या जानेवारीत ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. मराठीत मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी कार्यक्रम करणारी आपली स्वतःची संस्था! तिने केलेले काम पुष्कळांच्या स्मरणात आहे. २०१७ साली ती बंद करण्यात आली. कारणे पैशांची सांगितली गेली. गिरणी बंद पडते तेव्हाही कारणे पैशांचीच सांगतात. तेथे कसब कमावलेल्या हातांचे काय झाले, हे हिशेबाच्या वहीत नसते.

त्या काळातला एक संच मी ह्याच जिल्ह्यातल्या एका शाळेत पाहिला आहे. शाळेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. लाकडी पेटी, पेटीला कुलूप, कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. कार्यक्रमाच्या वेळी वीज नसे, आणि वीज असे तेव्हा कार्यक्रम नसे. दुरुस्तीला संच तालुक्याला गेला की तो परत येईपर्यंत मुले वरच्या इयत्तेत गेलेली. मास्तराला दोष देण्यात काय हशील? माझ्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्याला कोणी दिले नव्हते.

१ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे पहिले कुलगुरू. शाळा अर्धवट सुटलेल्या माझ्यासारख्या माणसांना पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीच्या वर्गात बसता येऊ लागले, हे मोठेच काम. नोकरीतल्या शिक्षकांसाठी तेथे बी.एड. निघाले. आपल्या जिल्ह्यातले मास्तर अमरावती विभागाच्या छायेत येत. पुस्तके घरपोच आणि जवळच्या अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रे. ह्या सत्रांना जाणाऱ्या मास्तरांना मी विचारले आहे की पुस्तक घरी होते, मग वीस-तीस कोस कशाला जात होता? बहुतेकांचे उत्तर एकच: तेथे इतर मास्तर भेटत.

२० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून ‘एज्युसॅट’ सोडण्यात आला. पण त्यापुढची कथा उपग्रहाची नाही, खिशातल्या मोबाइलची आहे. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्यासारख्या आदिवासी पाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल झाली, आणि ती पाहावयास ठिकठिकाणचे मास्तर गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला; पुढे राज्याच्या पुस्तकांतही ते कोड आले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. कामगार चळवळीतल्या माणसाला पुरस्कारापेक्षा ही वाटणी अधिक भावते! दोन्ही गोष्टी खालून वर गेल्या, वरून खाली आल्या नाहीत, हे ध्यानात घ्यावे.

वरून आले ते ‘दीक्षा’ व्यासपीठ, ५ सप्टेंबर २०१७ला, आणि २०१९ साली ‘निष्ठा’ प्रशिक्षण. ‘निष्ठा’ आरंभी समोरासमोर होती. २०२०च्या ऑक्टोबरपासून ती ‘दीक्षा’वर, म्हणजे मोबाइलवर गेली. साहित्य वाईट नाही. मी ते पाहिले आहे. पण शिकणारा मास्तर एकटा. फोन त्याचा, त्यातला डेटा त्याने भरलेला, वेळ रात्रीची. चित्रफीत चालू ठेवून माणूस दुसरे काम करतो आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घेतो. आमच्या जिनमध्ये मालकाने सांगितले असते की नवे यंत्र घरी, आपल्या खर्चाने, रात्री शिकून ये, तर फाटकावर सभाच झाली असती.

टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ह्या नावाने रोज फोनवर दुवे येत. पण आमच्या केळापूर, मारेगाव, झरी जामणीकडच्या कोलामांच्या पोडांवर दुवा कशावर उघडावयाचा? त्याच २०२० साली नागपूर विभागात ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम आकाशवाणी नागपूरवरून सुरू झाला. जुना रेडिओ पुन्हा कामाला आला! तरीही एक अडचण उरतेच. पोडावरचे मूल घरी कोलामी बोलते, तांड्यावरचे गोरमाटी. चित्रफीत प्रमाण मराठीत. ती मध्येच थांबवून, ‘ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ असे विचारणारा मास्तर लागतो. चित्रफीत नेमकी कोठे थांबवावी, हे कोणत्याही चित्रफितीत सांगितलेले नसते. ते शेजारच्या पोडावर शिकविणाऱ्या मास्तराला ठाऊक असते.

आपल्याकडे केंद्राकेंद्रावर शिक्षण परिषद भरते. आसपासच्या शाळांचे मास्तर आणि बाई तेथे एकत्र येतात. परिपत्रके वाचण्यात तो दिवस जाऊ नये. त्याच दिवशी सर्वांनी मिळून एक पाठ पाहावा, त्यावर वाद घालावा, आणि अडलेले प्रश्न जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेकडे लेखी पाठवावेत. उत्तरे पुढच्या परिषदेत मागावीत. पुण्याच्या श्रोतृमंडळांनी हेच केले होते. हा वेळ कामाचा धरावा, डेटाचा खर्च जिल्हा परिषदेने द्यावा, आणि जिल्ह्यातल्या सोळाही तालुक्यांत यंत्राला हात लावणारा एक तरी पगारी माणूस असावा, ही मागणी शिक्षकांच्या संघटनांनी लावून धरावी. तिचा मसुदा मी लिहून आणला आहे. मंडपात काही मास्तर मंडळी दिसत आहेत. व्याख्यानानंतर त्यांनी दहा मिनिटे थांबावे.